हँडलची रुंदी, स्टेमची लांबी आणि सायकलचे वागणे: जुन्या हार्डटेलवर आधी काय बदलावे?

लळिंगचा_उतार (धुळे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २७.५ इंची चाकांची आणि पुढे १०० मिमी सस्पेन्शन असलेली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) सायकल आहे. तिचे हँडल ६८० मिमी रुंद व सपाट आहे, स्टेम, म्हणजे हँडल सायकलच्या पुढच्या नळीला जोडणारा तुकडा, ९० मिमी लांब आहे आणि स्टेमखाली १० मिमी उंचीचे तीन स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) बसवलेले आहेत. माझी उंची ५ फूट ८ इंच आहे. रविवारी आम्ही काही जण लळिंगच्या बाजूच्या मुरमाड टेकड्यांवर जातो. चढताना सायकलबद्दल माझी काही तक्रार नाही. उतरताना मात्र सुट्या खडीवर हँडल एकाएकी एका बाजूला ओढले जाते, आणि उतार तीव्र झाला की आपण हँडलवरून पुढे फेकले जाऊ अशी धास्ती वाटत राहते. याच सायकलवर मला मॅन्युअल, म्हणजे पायडल न मारता मागच्या चाकावर तोल धरून जाणे, आणि बनी हॉप, म्हणजे सायकलची दोन्ही चाके हवेत उचलून उडी मारणे, या दोन गोष्टी शिकायच्या आहेत. मित्रमंडळी सांगतात की ३५ मिमीचा स्टेम आणि ८०० मिमीचे हँडल बसवले की सगळे प्रश्न मिटतात. गावातल्या दुकानात विचारले तर उत्तर मिळते की कंपनीने बसवले आहे ते विचार करूनच बसवले असेल. आधी काय बदलावे आणि का, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

पाना_पक्कड (जळगाव)

भाऊ, सल्ला देण्याआधी तीन मापे हवीत. हँडल स्टेमच्या जबड्यात जिथे धरले जाते तिथला व्यास किती आहे? तो २५.४, ३१.८ किंवा ३५ मिमी यांपैकी एक असतो आणि स्टेमवर किंवा हँडलच्या मध्यभागी बहुधा छापलेला असतो. दुसरे असे की तुमचा स्टेम चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) नळीवर बाहेरून आवळला जातो, की जुन्या पद्धतीप्रमाणे नळीच्या आत उतरून वरच्या एकाच लांब बोल्टने घट्ट होतो? तुम्ही स्पेसर म्हणता त्यावरून बाहेरून आवळला जाणारा असावा, पण खात्री करून घ्या, कारण आत उतरणारा स्टेम असला तर बाजारातले निम्म्याहून अधिक पर्याय तिथेच बाद होतात. तिसरे माप फ्रेमच्या रीचचे. पायडलच्या धुऱ्यातून एक उभी रेषा काढली, तर तिथून हेड ट्यूबच्या (चिमट्याची नळी जिच्यात फिरते त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) माथ्याच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. कंपनीच्या तक्त्यात ते दिलेले असते, आणि नसले तर भिंतीला टेकवून ओळंब्याने मोजता येते.

हे तिसरे माप लोक विचारतच नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेचे मूळ तिथेच आहे. स्टेम कितीचा घ्यावा हा स्टेमपेक्षा फ्रेमचाच प्रश्न जास्त आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पाना_पक्कड यांच्या शेवटच्या वाक्याला मी थोडे आकड्यांचे बळ देतो. पेशाने गणिताचा मास्तर असल्यामुळे हा मोह आवरत नाही.

समजा, जुन्या वळणाच्या मध्यम मापाच्या फ्रेमचा रीच ४०० मिमी आहे आणि तिला ९० मिमीचा स्टेम आहे. आता नव्या वळणाची फ्रेम घ्या, जिचा रीच ४५० मिमी आणि स्टेम ४० मिमी आहे. ढोबळ बेरीज दोन्हीकडे ४९० मिमीच येते, म्हणजे उभे राहून चालवताना पायांपासून हात तेवढ्याच अंतरावर राहतात. फरक पडतो तो पुढच्या चाकात. नव्या फ्रेममध्ये चाक हातांच्या तुलनेत ५० मिमी पुढे गेलेले असते, आणि हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी असलेला कोन) अधिक कललेला असल्यास त्याहूनही पुढे. उतारावर फेकले जाण्याची भीती कमी होते ती या पुढे गेलेल्या चाकामुळे. आखूड स्टेम हा त्या बदलाचा परिणाम आहे, कारण फ्रेम लांबवल्यावर हात जागच्या जागी ठेवायचे तर स्टेम आखडावाच लागतो.

यावरून लळिंगकरांच्या मित्रांच्या सल्ल्यातली गफलत लक्षात येते. ४०० मिमी रीचच्या फ्रेमवर ३५ मिमीचा स्टेम बसवला तर हात चाकाच्या मागे येतात हे खरे, पण ते पायांच्याही जवळ येतात. शरीराला पुढेमागे सरकायला जी जागा लागते तीच कमी होते, आणि कमी जागेच्या वळणावर हँडलचे टोक गुडघ्याला लागू लागते.

आणखी एक समज दूर करतो. स्टेम बदलल्याने सायकलची ट्रेल बदलत नाही. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो आणि टायर जमिनीला जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल, आणि ती चाकाची त्रिज्या, हेड अँगल व चिमट्याचा ऑफसेट (स्टिअरिंगच्या अक्षापासून चाकाचा धुरा जितका पुढे असतो ते अंतर) या तिघांवरच ठरते. २७.५ इंची चाकाची टायरसह त्रिज्या साधारण ३४९ मिमी आणि ऑफसेट ४४ मिमी धरला, तर ६९ अंशांच्या हेड अँगलला ट्रेल सुमारे ८७ मिमी येते आणि ६५ अंशांना सुमारे ११४ मिमी. सुट्या खडीवर हँडल ओढले जाण्याच्या तक्रारीत या आकड्याचा वाटा मोठा आहे, आणि तो हँडल किंवा स्टेम बदलून हलणार नाही. आपल्या हातात उरते ती त्या ओढीला तोंड देणारी तरफ, म्हणजे हँडलची रुंदी. ६८० वरून ७४० मिमीवर गेलात तर प्रत्येक बाजूची तरफ ३४० वरून ३७० मिमी होते. तेवढ्याच जोरात सुमारे ९ टक्के अधिक पीळ मिळतो, आणि त्याची किंमत अशी की चाक १० अंश वळवण्यासाठी हँडलच्या टोकाला ५९ मिमीऐवजी सुमारे ६५ मिमी फिरावे लागते. खडीवर हा सौदा फायद्याचा आहे.

सातपुडाकर (शहादा)

मंडळी, मला इथे आखूड स्टेमच्या लाटेविरुद्ध थोडे बोलू द्या. मी तोरणमाळच्या रस्त्याने नेहमी चढतो. सातपायरी घाटात, आणि विशेषतः वरच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर, बसून चढताना पुढचे चाक उचलले जाऊ नये यासाठी छाती पुढे आणि खाली असावी लागते. ८० किंवा ९० मिमीचा स्टेम हे काम आपसूक करतो. आखूड स्टेम व उंच हँडल लावलेले तरुण त्याच चढावर चाक इकडे तिकडे भरकटवत चढतात आणि शेवटी उतरून सायकल ढकलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

थोडा इतिहासही लक्षात घ्यावा. १९७६ पासून कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत रिपॅकच्या उतारावर ज्या शर्यती झाल्या, तिथल्या जुन्या बलून टायरच्या सायकलींना मोटारसायकलच्या धर्तीची रुंद हँडले होती, कारण त्या केवळ उतरण्यासाठी होत्या. पुढे क्रॉस-कंट्री शर्यतींचा जोर वाढला, रस्त्यावरच्या शर्यतीचे संस्कार घेऊन माणसे आली, आणि १९९० च्या दशकात ५६० ते ६०० मिमीची हँडले आणि १२० ते १५० मिमीचे स्टेम सर्रास दिसू लागले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गॅरी फिशर यांनी वरची नळी लांबवून स्टेम आखडला, आणि २०१२ च्या सुमारास माँड्रेकर या स्पॅनिश कंपनीने तर १० मिमीच्या स्टेमपर्यंत मजल मारली. लंबक दोन्ही टोकांना जाऊन आलेला आहे. ज्यांना चढायचे आहे ते आजही हात खालीच ठेवतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा स्विस रायडर नीनो शुर्टर २९ इंची चाकांमुळे वाढलेली पुढची उंची खाली आणण्यासाठी उणे कोनाचा स्टेम वापरत असे. हँडल उंच म्हणजे चांगले, असा सरसकट नियम करू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

एकचाकी (भुसावळ)

सातपुडाकर दादा, घाट चढण्यापुरते तुमचे म्हणणे मान्य आहे. पण लळिंगच्या भाऊंना मॅन्युअल आणि बनी हॉप शिकायचे आहे, आणि तिथे हिशेब उलटा होतो.

मॅन्युअलमध्ये पुढचे चाक हातांच्या ताकदीने उचलायचे नसते. गुडघे वाकवून कंबर खाली घ्यायची, मग ती मागच्या धुऱ्याच्याही मागे ढकलायची, आणि हात सरळ झाले की शरीराच्या वजनानेच चाक वर येते. हँडल खाली असेल तर हात सरळ होईपर्यंत कंबर जवळजवळ टायरला टेकते आणि तोल सावरायला जागाच उरत नाही. हँडल २० ते ३० मिमी वर आले की तीच हालचाल थोड्या उंचीवर पूर्ण होते. म्हणून माझ्या अनुभवात युक्त्या शिकणाऱ्याला स्टेमच्या लांबीपेक्षा हँडलच्या उंचीचा फरक आधी जाणवतो. मागचे चाक पायडलच्या धुऱ्यापासून किती अंतरावर आहे याचा परिणाम या दोन्हींपेक्षा मोठा असतो, पण ते फ्रेमबरोबर आलेले असते आणि बदलता येत नाही.

स्टेमच्या लांबीचा इथला संबंध फारसा कोणी सांगत नाही. मागे ओढताना दोन्ही हातांचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापुढे बराच असेल, तर चाक हवेत किंचित वळताच तो मध्य बाजूला सरकतो आणि तुमची ओढ चाकाला आणखी वळवते. चाक जमिनीवर असते तेव्हा टायरची पकड ते सावरते, हवेत सावरणारे कोणी नसते. लांब स्टेमवर पुढचे चाक वर येताच एका बाजूला पडते अशी जी नवशिक्यांची तक्रार असते, तिच्यामागे बऱ्याच वेळा हे कारण निघते. साधारण ८ अंशांच्या बॅकस्वीपच्या (टोके तेवढी मागे वळलेल्या) रुंद हँडलवर मुठींचा मध्य जबड्यापेक्षा ३० ते ३५ मिमी मागे येतो. त्यामुळे ३५ ते ४० मिमीच्या स्टेमवर हात जवळपास अक्षाच्या रेषेतच येतात.

बार-स्पिन, म्हणजे हवेत हँडल सोडून पूर्ण फिरवून पुन्हा पकडणे, यात तर हे अत्यावश्यक आहे. मुठी अक्षाभोवती फिरल्या तर ज्या जागी सोडल्या त्याच जागी परत येतात. लांब स्टेमवर त्या अक्षापुढे घेर घेतात आणि अर्ध्या फेरीत हँडल पोटाकडे येते. त्यामुळेच डर्ट जंपच्या सायकलींना साधारण ३० ते ५० मिमीचे स्टेम आणि गुडघ्यांमधून निघून जातील अशी बेताच्या रुंदीची हँडले असतात, आणि कित्येक जण पुढचा ब्रेकच काढून टाकतात, म्हणजे केबल गुंडाळली जाण्याचा प्रश्न राहत नाही.

बनी हॉपमध्ये मात्र उंचीला मर्यादा आहे. पहिला टप्पा मॅन्युअलसारखाच असतो, म्हणून उंच हँडल मदत करते. दुसऱ्या टप्प्यात हँडल पुढे ढकलून आणि पायांनी मागचे चाक खेचून सायकल आडवी करायची असते. हँडल आधीच छातीजवळ असेल तर ढकलायला अंतर उरत नाही. पुढच्या ब्रेकवर मागचे चाक उचलण्याच्या युक्तीतही उंच आणि जवळचे हँडल अडचण करते, कारण खांदे पुढच्या धुऱ्यावर नेण्यासाठी जास्त झुकावे लागते.

ट्रायल्सच्या सायकलींवर याच्या उलट मांडणी दिसते. तिथे स्टेम लांबही असतो आणि तिरका वरही चढलेला असतो. त्या माणसाला बसायचे नसते, तो सदैव उभा राहून एका चाकावरून दुसऱ्यावर वजन टाकत असतो, आणि शरीर पूर्ण ताणण्यासाठी त्याला हात पुढे व वर हवे असतात. म्हणजे युक्तीसाठी आखूड स्टेम हेही सरसकट खरे नाही. कोणती युक्ती, हे आधी विचारावे लागते.

लळिंगचा_उतार (धुळे)

सर्वांचे मनापासून आभार. मोजून पाहिले. जबड्याचा व्यास ३१.८ मिमी आहे, स्टेम बाहेरून आवळला जाणारा आहे, आणि तक्त्याप्रमाणे फ्रेमचा रीच ४०५ मिमी व हेड अँगल ६९ अंश आहे. म्हणजे गिरणाकाठ सरांनी ज्या जुन्या वळणाच्या फ्रेमचे उदाहरण दिले, जवळपास तीच माझ्याकडे आहे. स्पेसर आधीच सगळे खाली असल्यामुळे त्या वाटेने हँडल आणखी वर नेता येणार नाही असे दिसते. आता मी ६० मिमीचा स्टेम आणि २० किंवा २५ मिमी राइजचे (टोके तेवढी वर उचललेले) हँडल घेण्याच्या विचारात आहे. रुंदी मात्र ठरत नाही. ७४० घ्यावे की ७८०? आणि एक शंका अशी की स्टेम ३० मिमीने आखडल्यावर शरीर जे मागे येईल, ते रुंद हँडलमुळे आपोआप पुढे ओढले जाऊन भरून निघते असे एका ठिकाणी वाचले. ते खरे आहे का?

तापीतीर (मुक्ताईनगर)

रुंदीबद्दल मला थोडे बोलायचे आहे, कारण याचा त्रास आम्हा बायकांना आणि बुटक्या माणसांना सर्वांत जास्त होतो. माझी उंची ५ फूट १ इंच आहे. सर्वांत लहान मापाची फ्रेम घेतली तरी तिच्यावर ७८० मिमीचेच हँडल आले. कंपनी प्रत्येक मापाच्या फ्रेमला तेच हँडल बसवते आणि ज्याने त्याने कापून घ्यावे असे गृहीत धरते, पण हे दुकानात कोणी सांगत नाही. परिणाम असा झाला की सरळ वाटेवरही माझे हात ताणलेले राहत, कोपरे वाकत नसत, आणि वळणावर बाहेरचा हात पुरत नसे. मग खांदे आणि मनगटे दुखू लागली. जमिनीवर दंड काढताना हात जिथे सहज जोर लावतात त्या अंतराच्या आसपास मुठी असाव्यात, हा अंदाज मला उपयोगी पडला. ते अंतर दोन्ही तळहातांच्या बाहेरच्या कडांपर्यंत मोजायचे.

भाऊ, विकत घेताना मात्र रुंदच घ्या, कारण कापलेले हँडल वाढवता येत नाही. कापण्याची घाईही करू नका. लॉक-ऑन ग्रिप असतील तर त्यांचे स्क्रू सैल करून ग्रिप आणि ब्रेक लिव्हर दोन्ही बाजूंनी १०-१० मिमी आत सरकवा आणि हँडलची टोके तशीच बाहेर ठेवून मोकळ्या मैदानावर काही दिवस चालवा. पटले तर आणखी सरकवा. अशा अवस्थेत टोकांना बुचे हवीतच, कारण पडल्यावर उघडी नळी पोटात घुसण्याचा धोका असतो. झाडीच्या वाटेवर तर हा प्रयोग करूच नये. आमच्याकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या बागांमधून ज्या पायवाटा जातात, तिथे ७८० मिमीची टोके खांबांना आणि घडांना अडकतात, ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

जाता जाता एक. एप्रिल-मे महिन्यांत घामाने साध्या रबरी ग्रिप हँडलवर फिरू लागतात, आणि ओढण्याच्या युक्त्या करताना ग्रिप निसटली तर माणूस पाठीवरच पडतो. मॅन्युअल शिकायचे असेल तर स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या ग्रिप आधी घ्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, दंडाच्या अंदाजाशी मी सहमत आहे. लळिंगकरांच्या शंकेचे उत्तर काढून पाहू.

हाताची लांबी खांद्यापासून तळव्यापर्यंत ६०० मिमी धरा, आणि मुठीचा मध्य खांद्याच्या रेषेपासून बाहेर ६८० मिमीच्या हँडलवर ९० मिमी, तर ७४० मिमीच्या हँडलवर १२० मिमी येतो असे समजा. पायथागोरसप्रमाणे सरळ हाताचे पुढचे अंतर पहिल्या वेळी ५९३ मिमी येते आणि दुसऱ्या वेळी ५८८. म्हणजे रुंदी तब्बल ६० मिमीने वाढवूनही शरीर फार तर ५ मिमी पुढे ओढले जाते. कोपरे वाकलेली असतील तर हिशेब थोडा बदलेल, पण स्टेममधून काढलेले ३० मिमी यातून भरून निघत नाहीत हे उघड आहे. रुंदी आणि स्टेम यांचा परस्परसंबंध सांगताना जो ठोकताळा वापरला जातो, तो एवढ्या रुंदीला तरी लागू पडत नाही.

उंचीचेही आकडे देतो. ६९ अंशांच्या हेड अँगलला १० मिमीचा एक स्पेसर हँडलला ९.३ मिमी वर नेतो, पण त्याचबरोबर ३.६ मिमी मागेही आणतो. तुमच्या तीन स्पेसरनी मिळून हँडल सुमारे ११ मिमी मागे आणलेले आहे. २० मिमी राइजचे हँडल घेऊन दोन स्पेसर वर काढले तर उंची साधारण तीच राहील आणि हात सुमारे ७ मिमी पुढे जातील. ही अदलाबदल ध्यानात ठेवा, कारण आखूड रीचच्या फ्रेमवर हे ७ मिमी मोलाचे ठरतात. स्टेमला ६ अंशांचा कोन असेल तर तो उलटा बसवूनही उंची बदलते. तुमच्या सध्याच्या ९० मिमीच्या स्टेमवर तो फरक सुमारे १८ मिमी येतो आणि ६० मिमीच्या स्टेमवर सुमारे १२ मिमी. आत्ताचा स्टेम खालच्या कोनात बसवलेला असेल, तर उलटून पाहायला एक पैसाही लागत नाही.

सातपुडाकर (शहादा)

६० मिमीला माझा विरोध नाही. लळिंगसारख्या टेकड्यांवर चढ छोटे आणि उतार सुटा असतो, तिथे ते शोभेल. चढावर चाक हलके वाटू लागले तर खोगीर रुळांवर ५-१० मिमी पुढे घेऊन पाहावे, पण गुडघ्यांना त्रास होत असेल तर ते परत मागे न्यावे. उंच हँडलवर खोगीर मागे ठेवूनच लांब घाट चढणाऱ्याचे काय होते, यावर एकचाकी भाऊंशी माझा वाद तसाच राहील. ते कधी तोरणमाळला आले तर तो वाद घाटातच करू.

टायरमधली हवाही पाहा. सव्वादोन इंची टायर दगडासारखे टणक फुगवून खडीवर उतरणाऱ्याने हँडलला दोष देऊ नये.

पाना_पक्कड (जळगाव)

रुंदीचा निर्णय ताईंनी सांगितल्याप्रमाणे घ्या. ५ फूट ८ इंचाला ७६० मिमीचे हँडल घेऊन ७४० पर्यंत आत येण्याची सोय ठेवणे मला योग्य वाटते. आता बसवण्याचे काम नीट समजून घ्या, कारण अपघात चुकीच्या मापापेक्षा चुकीच्या आवळण्याने जास्त होतात.

आपल्या भागातल्या दुकानांत ३१.८ मिमीचे सामान नसते आणि २५.४ मिमीचे हँडल पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवून देण्याचा उद्योग चालतो. तसे करू देऊ नका. योग्य जाडीची शिम (फट भरणारी तयार बाही) घालून लहान व्यासाचे हँडल मोठ्या जबड्यात बसवता येते, पत्र्याच्या तुकड्याने नाही. रस्त्याच्या शर्यतीच्या वाकड्या हँडलचा जबड्यातला व्यासही ३१.८ मिमी असतो, म्हणून ते कोणी गळ्यात मारू पाहील. त्याचा हात धरण्याचा भाग २३.८ मिमीचा असतो आणि माउंटन बाइकचे लिव्हर व ग्रिप २२.२ मिमीचे असतात, त्यामुळे ते तुमच्या उपयोगाचे नाही. फार स्वस्त, नाव-गाव नसलेली कार्बनची हँडले घेऊ नका. उड्या मारणाऱ्याने चांगले ॲल्युमिनियम घ्यावे, आणि ते वाकले किंवा खोल ओरखडा गेला तर सरळ करत न बसता बदलावे.

स्टेम काढताना वरच्या टोपीचा बोल्ट आधी काढा, मग बाजूचे दोन सैल करा, आणि चिमटा खाली निसटू नये म्हणून तो हाताने किंवा दोरीने धरून ठेवा. बसवतानाही टोपीचा बोल्ट आधी आणि बाजूचे नंतर. टोपीचा बोल्ट स्टेमला धरून ठेवण्यासाठी नसतो, हेडसेटच्या (चिमटा ज्यावर फिरतो त्या जोडाच्या) बेअरिंगमधली ढिलाई काढण्यापुरताच असतो. तो हलका आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, खडखड थांबली आणि हँडल मोकळे फिरते आहे असे दिसले की स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आवळा. त्यानंतर टोपीचा बोल्ट पुन्हा पिळू नका. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात हेडसेटमध्ये शिरतो, तेव्हा सगळे उघडलेच आहे तर बेअरिंग पुसून नवे ग्रीसही भरून घ्या.

बहुतेक स्टेमवर ५ किंवा ६ न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असतो. टॉर्क पाना नसेल तर असे समजा की १० सेंटिमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकाला सुमारे ५ किलो वजनाएवढा जोर म्हणजे ५ न्यूटन-मीटर. पायपाची नळी लावून जोर करणारा कारागीर दिसला तर सायकल परत घेऊन या. जबड्याचे चार बोल्ट तिरपे, एकाआड एक, थोडे थोडे आवळायचे, आणि झाकणाच्या वर व खाली दिसणारी फट सारखी ठेवायची. काही स्टेममध्ये वरची फट पूर्ण बंद करून खालचीच ठेवायची असते, ते त्याच्यासोबतच्या कागदात लिहिलेले असते.

एकचाकी (भुसावळ)

बसवताना हँडल जबड्यात किती फिरवून ठेवले आहे हेही पाहा, कारण इथे लोक फसतात आणि दोष स्टेमला देतात. बाजूने पाहिल्यावर हँडलचा वर चढणारा भाग साधारण चिमट्याच्या रेषेत असावा, तिथून सुरुवात करा. फार पुढे लोटले तर कोपरे उगाच बाहेर जातात आणि हात लांब पडतात. मागे लोटले तर मनगटे मुडपतात आणि नव्या हँडलने मिळवलेली उंची कमी होते. हे ठरल्यावरच ब्रेकचे लिव्हर लावा. उतारासाठी ते जमिनीकडे फार झुकलेले नसावेत, आणि एकाच बोटाने ओढता येतील इतके आत सरकवलेले असावेत.

स्टेम आणि हँडल एकाच दिवशी बदलू नका, असे मी सुचवेन. आधी हँडल बदला, कारण तुमच्या दोन गोष्टींवर, खडीवरच्या ओढीवर आणि मॅन्युअलवर, त्याचा परिणाम होणार आहे. त्यावर हात बसला की मग स्टेम. नाहीतर कशाने काय सुधारले हे कळणार नाही, आणि स्टेमचे पैसे कदाचित वाचलेही असते. आणि दादा, तोरणमाळला नक्की येतो, फक्त चढ संपल्यावर उतारावर तुम्ही माझ्या मागे राहायचे.

लळिंगचा_उतार (धुळे)

हँडल मागवले आहे, ७६० मिमी रुंद आणि २० मिमी राइजचे. स्टेमचे नंतर पाहीन. दोन शंका उरल्या आहेत. हँडल रुंद आणि उंच झाल्यावर ब्रेकच्या नळ्या पुरतील का? आणि पुढे स्टेम बदलताना चिमट्याची नळी कापावी लागेल का?

पाना_पक्कड (जळगाव)

नळ्यांचे आधी पाहू. तुमची प्रत्येक बाजू ४० मिमीने रुंद आणि २० मिमीने उंच होणार आहे, पण लिव्हर आत सरकवल्यामुळे त्यातले बरेचसे परत मिळेल. हँडल नुसते अडकवून, बोल्ट हलके आवळून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. कुठल्याही टोकाला नळी ताणली जात असेल, तर फ्रेमवरच्या पकडीतून ती थोडी पुढे सोडता येते का ते तपासा. तेही पुरत नसेल तर नळी बदलावी लागेल. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर त्यात तेल भरणे आले, आणि ते काम सरावाच्या माणसाकडेच द्या.

चिमट्याची नळी कापू नका. नव्या स्टेमची नळीवरची उंची जुन्यापेक्षा कमी असू शकते, आणि तेवढी भरपाई स्टेमच्या वर एखादा स्पेसर ठेवून करता येते. नळीचे टोक सर्वांत वरच्या स्पेसरच्या किंवा स्टेमच्या कडेपासून २ ते ३ मिमी खाली राहिले पाहिजे, नाहीतर टोपी बेअरिंगवर दाब न देता नळीलाच टेकते आणि हेडसेट कितीही आवळला तरी ढिलाच राहतो. सगळे स्पेसर जपून ठेवा. पुढे तोरणमाळचा बेत ठरला तर दोन स्पेसर स्टेमच्या वर काढून हँडल खाली घेता येईल, आणि परत आल्यावर पुन्हा वर.